बब्रुवानचा दगड

मोनिकानं एकशे बाराव्या पानावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं टेबलपंखा बंद केला. तिच्या बोटाखालची ओळ वाचायला बलभीम गुरुजी खुर्चीतून पुढं वाकले, पण चष्मा शर्टाच्या खिशातच राहिला होता.

“गुरुजी, इथं काहीतरी गडबड झालीय बघा.”

“कुठं?”

“चष्मा घाला आधी.”

परंड्याच्या स्टँडसमोर तिचं टायपिंगचं दुकान. एक कम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि गिऱ्हाइकांना बसायला एक बाकडं. गेले तीन महिने गुरुजी दर मंगळवारी गावाहून एसटीनं यायचे. कादंबरीचे हातानं लिहिलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी पुन्हा कापडी पिशवीत. नवे कागद द्यायचे, मागचे टाइप झालेले तपासायचे, आणि काम संपलं तरी उठायचे नाहीत. एक एसटी सोडायचे, मग दुसरी. मोनिका त्यांच्याच हाताखाली चौथी शिकलेली. ती काही बोलायची नाही.

घरी जाऊन तरी बोलायचं कुणाशी? बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी हैदराबादला. उरली होती ती कादंबरीतली माणसं. चुलीपुढं बसले की गुरुजी अमरसिंहाशी सल्लामसलत करायचे आणि भाकरी करपली की बब्रुवानला शिव्या द्यायचे.

कादंबरी दोन भावांची. थोरला अमरसिंह नेक, बाहेरच्या दुष्टाव्याशी आणि मनातल्या रागाशी झगडणारा. धाकटा बब्रुवान काळ्या काळजाचा. वाटणी झाल्यावर हा बब्रुवान पहाटे रानात जाऊन हद्दीचा दगड सरकवतो, तिथून सगळी कथा.

आता गुरुजींनाही धाकटा भाऊ होता, सौदागर. दोघांच्या रानात बांध एकच, आणि दोघांचं बोलणं बंद होऊन एकोणीस वर्षं झालेली. सौदागरनं दगड ओलांडून थोरल्याच्या रानात नांगर घातला, हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. तेव्हापासून त्याला ‘बांधकोऱ्या’ हे नाव पडलं ते पडलंच. पुस्तक छापून आल्यावर बब्रुवान म्हणजे कोण, हे कुणी कुणाला विचारणार नव्हतं. गुरुजींना तेच हवं होतं. तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो, छापलेला राहतो.

“काय गं, गुरुजींच्या बी चुका निघत्यात का आता?” बाकड्यावरून कस्तुराबाई म्हणाली. ती त्यांच्याच गावची, निराधार योजनेच्या कागदांची झेरॉक्स काढायला आलेली. “आमच्या पाठी मोडल्या की हो ह्यांनी शुद्धलेखनापायी.”

“तुम्ही शाळेत कधी होता, कस्तुराबाई?”

“म्या न्हाय. माजी पोरं व्हती की. आन् मला घेतलंय का त्या कादंबरीत?”

“न्हाय.”

“बरं केलंत. हाय ती अब्रू राहू द्या.”

मोनिका हसली. मग कागद जरा स्वतःकडं ओढून म्हणाली, “राग येणार नसला तर एक बोलू? तुमचा अमरसिंह काय मला पटंना. तो मनाशी लढतो, लढतो म्हणता, पण कशाशी लढतो तेच कळत न्हाय. कवा चिडत न्हाय, कवा चुकत न्हाय. त्याच्या हातनं साधा चहासुद्धा सांडत न्हाय. बब्रुवान मात्र खरा वाटतो. हे दगडाचं पान टाइप करताना माझ्या अंगावर काटा आला.”

गुरुजींनी चष्मा पुसला. लेखकाला आवडावं असंच ती बोलली होती, पण त्यांना आवडलं नाही.

“ऐका, वाचते,” ती म्हणाली. “‘तांबडं फुटायच्या आत बब्रुवान रानात आला. त्यानं दगडाखाली पहार घातली. दगड उचकटला तशी खालची ओली माती उघडी पडली. तिच्यात हुमणीची एक पांढरी अळी अंग आखडून पडली होती. म्या तिच्यावर पायानं माती लोटली. मग दगड दोन हात पलीकडं नेऊन रोवला.’”

ती थांबली.

“चौथीत ‘म्या’ लिहिलं म्हणून तुम्ही माझ्याकडनं पाटीभर ‘मी’ लिहून घेतलं होतं. अख्ख्या कादंबरीत तुमचं एक ‘म्या’ न्हाय. आन् इथं तर ‘मी’ बी नको, ‘त्यानं’ पायजे. ‘त्यानं’ करते.”

गुरुजींनी कागद हातात घेतला. अक्षर त्यांचंच होतं, कुठं खाडाखोड नाही, गिरवलेलं नाही. हे पान त्यांनी एका बैठकीत लिहिलं होतं. बाकीची पानं चार-चारदा फाडली, हे एकच सलग उतरलं, आणि त्या दिवशी त्यांना वाटलं होतं की आता आपल्याला लिहिता यायला लागलं.

बब्रुवानला एक पाप हवं होतं. गुरुजींना एकच पाप नीट ठाऊक होतं.

सौदागरनं त्या साली नांगर घातला तो जुन्या हद्दीपर्यंतच घातला होता. दगड तिथं नव्हता, इतकंच. पंचांनी दगड बघितला, नांगराची तासं बघितली आणि गुरुजींचा शब्द घेतला. तीस वर्षं गावाची पोरं शिकवलेला माणूस. आई त्यानंतर सौदागरकडंच राहिली आणि तिथंच गेली. शेवटी शेवटी दाराशी बसून एकच ओवी म्हणायची, आणि बांधावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर ती गुरुजींच्या अंगणात यायची:

थोरला नि धाकला, बाई, औताची जोडी
एकानं टाकला खांदा, दुजा एकला रान फोडी

खांदा टाकला तो कुणी, हे आईनं कधी सांगितलं नाही. गुरुजींनी ती ओवी कादंबरीच्या पहिल्या पानावर घातली होती, बब्रुवानला उद्देशून.

“गुरुजी? करू ना ‘त्यानं’?”

“नको.”

“मग ‘मी’ करू?”

“राहू दे तसंच. वरची ओळ घे.”

“वरची बरोबर आहे की.”

“घे. बब्रुवान खोड. म्या लिही.”

मोनिकानं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला होता.

“सगळ्या प्रकरणात बदलायचं असलं तर एका दमात होतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “एक बटण दाबलं की सगळीकडचा बब्रुवान जातो.”

“तसं व्हत न्हाय. क्रियापद फिरवावं लागतं. आला-चं आलो. यंत्राला ते कसं कळंल?” गुरुजींनी घसा साफ केला. “मी सांगतो. तू एकेक बदल.”

आणि ते वाचू लागले. वर्गात धडा वाचायचे तसंच, प्रत्येक पूर्णविरामाला थांबत.

“तांबडं फुटायच्या आत म्या रानात आलो.”

कळफलक वाजला.

“म्या दगडाखाली पहार घातली.”

झेरॉक्सचं मशीन आपोआप बंद पडल्यासारखं गप झालं होतं. कस्तुराबाईच्या कागदांचा गठ्ठा तयार होऊन पडला होता, पण ती उठली नाही. तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि बोटाला गुंडाळत राहिली.

“म्या तिच्यावर पायानं माती लोटली. मग दगड दोन हात पलीकडं, धाकल्याच्या रानात, नेऊन रोवला.”

“‘धाकल्याच्या रानात’ हे कागदावर न्हाय.”

“घाल.”

समोरून कुर्डूवाडीची गाडी लागल्याची आरोळी आली, माणसं पळाली, धुरळा दुकानाच्या पायरीपर्यंत येऊन बसला. गुरुजींची गाडी त्याच्यानंतरची. त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

“आन् धाकला?” कस्तुराबाईनं विचारलं. आवाजात मघाची थट्टा नव्हती. “त्याला काय ठावं नव्हतं?”

“विहिरीवर होता. पाणी धरायला आलेला.”

“मग?”

“बघत होता.”

“सगळं?”

“सगळं.”

“पंचांपुढं तर मान खाली घालून हुबा व्हता,” कस्तुराबाई म्हणाली, जणू स्वतःशीच. “आमी म्हणलं, केलंय म्हणून घातलीय मान खाली. माजा नवरा बी व्हता पंचात.”

“मी धाकल्याच्या शेजारीच उभा होतो,” गुरुजी म्हणाले. “थोरल्याला खोटं कसं पाडायचं, म्हणून गप राहिला तो.”

मोनिकाची बोटं कळफलकावर तशीच थांबली होती. तिनं गुरुजींच्या हातातला कागद घेऊन उलटला, मागं कोरा होता. पुढचा बघितला, त्यात अमरसिंह देवळात बसून मनाशी झगडत होता.

“गुरुजी, हे विहिरीवरचं तुम्ही लिहिलेलंच न्हाय.”

“न्हाय.”

“मग काय करू?”

गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता वाचण्यासारखं हातात काही नव्हतं.

“लिही,” ते म्हणाले. “विहिरीवर सौदागर उभा होता.”