पिवळी चकती

तिला ऑफिसात सगळे ठसका म्हणत, आणि तोंडावर म्हणत. राग आला की तिला आधी ठसका लागायचा, मग डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग जे तोंड सुटायचं ते शिपायापासून साहेबांपर्यंत कोणालाच सोडायचं नाही. बाई मनाची वाईट नव्हती, पण थापा मारणाऱ्यांची तिला भयंकर चीड. आणि अशा बाईनं अकरा वर्षं डोळे मिटून सह्या ठोकाव्यात? डोळे कसले, कान मिटून. आता बोला!

तिचं काम होतं व्हिडिओ गेम बघायचं. हसू नका, पगार त्याचाच होता. बाजारात यायच्या आधी प्रत्येक गेम या ऑफिसात यायचा. कंपनी एक अर्ज भरून द्यायची आणि गेममधल्या सगळ्यात भयंकर प्रसंगांचा दोन तासांचा व्हिडिओ सोबत जोडायची. दोन परीक्षकांनी तो बघायचा आणि तक्त्यात गुण भरायचे. रक्त किती, हत्यारं किती, आरडाओरडा किती, प्रेतं किती. बेरीज झाली की चकती ठरली. हिरवी म्हणजे सात वर्षांच्या पुढच्यांना, पिवळी म्हणजे बाराच्या पुढच्यांना, लाल म्हणजे अठराच्या. खोक्यावरची ती चकती बघून आईबाप निर्धास्तपणे मुलांना गेम घेऊन द्यायचे.

चार परीक्षक एकाच खोलीत बसत, चार टेबलं, चार पडदे. कधी काळी शेजारच्या नोंदणी विभागानं तक्रार केली होती, की तुमच्या खोलीत दिवसभर माणसं मारताहेत की काय, आमचं कामात लक्ष लागत नाही. साहेब म्हणाले, हेडफोन मागवलेत, येईपर्यंत आवाज बंद ठेवा. हेडफोन काही आले नाहीत. आवाज बंद तो बंदच राहिला. नवीन माणूस आला तर त्याला चहाचं कपाट दाखवत, पंख्याचं बटण दाखवत, आवाजाचं बटण कोणी दाखवत नसे. आरडाओरड्याचे गुण माणसानं तोंड किती उघडलंय ते बघून द्यायचे. सगळ्यांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्यात काही चुकतंय हे कोणाच्या ध्यानातही येत नव्हतं.

तर 'दबा' नावाचा गेम मागच्या सोमवारी ठसकाच्या आणि आजोबांच्या वाट्याला आला. आजोबा म्हणजे खोलीतले सगळ्यात जुने परीक्षक, निवृत्तीला पाच महिने उरलेले. गेममध्ये एक सुपारी घेऊन मारणारा माणूस एका मोठ्या घरात शिरतो. गोळीबार नाही, सुरे नाहीत. दबक्या पावलांनी जायचं, पडद्यामागे लपायचं, पहारेकरी पाठमोरा झाला की मागून त्याला कवेत घ्यायचं. थोड्या वेळानं त्याचे पाय गळतात, मग त्याला हलकेच जमिनीवर निजवायचं आणि पलंगाखाली सरकवायचं.

"मिठीच मारतोय की," आजोबा जांभई देत म्हणाले.

"किती अदबीनं निजवतोय बघा. माझी भाची तान्ही असताना मला नाही जमलं तिला असं निजवायला," ठसका म्हणाली, आणि दोघं हसली. रक्त शून्य. हत्यारं दोन, तेही पहारेकऱ्यांच्या बंदुकांचे. आरडाओरडा शून्य. पिवळी चकती. दोघांच्या सह्या झाल्या आणि नमुन्यादाखल आलेली प्रत रिवाजाप्रमाणे ठसकानं घरी नेली.

घरी नेली ती भाचीसाठी, चिंगीसाठी. धाकटी बहीण दवाखान्यात नर्स होती. तिची दिवसपाळी असली की चिंगी मावशीकडेच असायची. गेल्याच महिन्यात तिला बारावं संपलं होतं.

"ताई, हिच्या वयाला चालेल ना गं हा?" बहिणीनं दारातूनच विचारलं होतं.

"माझी सही आहे त्याच्यावर! आणखी काय पाहिजे तुला?" ठसका म्हणाली होती. केवढ्या तोऱ्यात म्हणाली होती!

रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. बाहेरच्या खोलीतून कोणीतरी बोलल्यासारखं वाटलं. पुरुषाचा आवाज, अगदी बारीक, घशात अडकलेला. तिनं नळ बंद केला.

"सोड… घरी पोरगी आहे माझी… सोड रे…"

ठसका ओल्या हातांनीच धावली. बाहेर परकं कोणी नव्हतं. चिंगी सतरंजीवर बसली होती, हातात गेमचा कंट्रोलर, आणि अंगठा एका बटणावर इतका दाबलेला की नख पांढरं पडलं होतं. पडद्यावर तीच मिठी. तोच पहारेकरी. आणि आता त्याचा श्वास ऐकू येत होता. घरघर, मग एक उचकी, मग पुन्हा घरघर.

"चिंगे, हे काय—"

"शूऽऽ! मावशी, गप्प ना! श्वास ऐकू यायला पाहिजे. पूर्ण थांबला की मगच बटण सोडायचं. आधी सोडलं तर तो ओरडतो आणि आपण हरतो."

मावशी ओले हात घेऊन तिथेच उभी राहिली. घरघर बारीक झाली. एक लांब श्वास आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग अजून एक, अर्धाच. चिंगी कान देऊन, मान तिरकी करून ऐकत होती. परीक्षेत उत्तर आठवताना पोरं करतात ना, तसा चेहरा. मग तिनं अंगठा उचलला आणि कंट्रोलर खाली ठेवून हात चड्डीला पुसले.

"सव्विसावा," ती म्हणाली. "हा लवकर गेला."

ठसकानं भिंतीतून वायरच उपटली. तिला असा ठसका लागला की चिंगीनंच पाणी आणून दिलं.

सोमवारी सकाळी ती तडक साहेबांच्या खोलीत शिरली. सही मागे घ्यायची सोय होती, सात दिवसांच्या आत, कारण लेखी देऊन. सातवा दिवस तोच होता, पाच वाजेपर्यंत. एकदा पाच वाजले की खोकी पिवळ्या चकतीनिशी दुकानांत जायला मोकळी. साहेबांसमोर कंपनीचा माणूस चकतीचा दाखला न्यायला आधीच येऊन बसला होता, गळ्यात टाय, चेहऱ्यावर दुकानातलं हसू. साहेबांनी मग आजोबांनाही बोलावून घेतलं.

"तुमच्या व्हिडिओत हे आवाज होते?" ठसकानं टायवाल्याला विचारलं.

"पहिल्या मिनिटापासून होते, मॅडम. आम्ही काहीही लपवलेलं नाही. तुम्ही ऐकलं नाही का?"

हीच तर मेख होती. मेल्यानं लपवलं असतं तर बरं झालं असतं, त्याच्या अंगावर तरी धावून जाता आलं असतं! तिनं साहेबांकडे बघितलं. साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"आणि कसंय मॅडम, मुलांना खरं-खोटं कळतं हो," टायवाला म्हणाला. "गेम खेळून कोणी खुनी होत नाही."

"नाही होत. मला शिकवू नका, अकरा वर्षं मी हेच बघतेय. मोठ्या माणसांनी खुशाल खेळावा तुमचा गेम, मी बंदी मागत नाही. लाल चकती मागतेय. बारा वर्षांच्या पोरीनं मरणाऱ्याचा शेवटचा श्वास मोजत बसायचं, हे तुम्ही तुमच्या घरी चालवून घ्याल?"

"शेवटी चकती म्हणजे सल्ला असतो," साहेब मध्ये पडले. "आईबापांनी नको का लक्ष ठेवायला?"

"आईबाप आपल्या भरवशावर आहेत आणि आपण त्यांच्या! मग बघतंय कोण? कोणीच नाही!"

टायवाल्याला बाहेर बसवल्यावर साहेबांनी सूर बदलला. "अहो, कारण काय लिहाल? आवाज बंद होता? म्हणजे आजवरची एकेक चकती लोक उकरून काढतील. नोकरी जाईल तुमची. मी असं करतो, कंपनीला सांगून खोक्यावर एक बारीक ओळ टाकून घेतो. 'लहान मुलांनी आवाज कमी ठेवून खेळावा' वगैरे. सगळ्यांचंच निभावून जाईल."

बाहेर व्हरांड्यात आजोबांनी तिला गाठलं. "पाच महिने राहिलेत गं माझे. खाली माझीही सही आहे. एवढं जाऊ दे ना."

याच माणसानं तिला कामाला लागल्या दिवशी आपल्या डब्यातलं अर्धं खायला दिलं होतं. ठसका जेवायच्या सुट्टीत घरी आली. तिचं डोकं ठणकत होतं, आणि खरं सांगायचं तर ती डगमगली होती. बारीक ओळ तर बारीक ओळ, आपण एकटीनंच काय जगाचा मक्ता घेतलाय, इथपर्यंत ती आली होती. चिंगी शाळेतून आली होती. तिला जेवायला वाढून ठसका दहा मिनिटं सोफ्यावर आडवी झाली आणि तिचा डोळा लागला.

जाग आली ती गालाला केस लागले म्हणून. चिंगी तिच्यावर वाकली होती. पोरीचा कान मावशीच्या तोंडाशी, मान तिरकी, डोळे मिटलेले.

"काय गं?"

चिंगी दचकली. "काही नाही. चालू आहे का बघत होते."

"काय?"

"श्वास. तू झोपलीस ना, की खूप हळू येतो तुझा." ती सोफ्याच्या कडेला टेकली. तिचं ताट टेबलावर तसंच होतं, घास मोडला नव्हता. "मावशी, कालपासून मला सगळ्यांचा ऐकू येतो. आईचा येतो. वर्गात शेजारी बसणारीचासुद्धा येतो. मध्येच जरा थांबला की मला वाटतं, गेली. हे ऐकू येणं बंद कसं करायचं गं?"

ठसकानं तिला जवळ ओढलं. मागून नाही, समोरून. मागून मिठी मारायची तिला हिंमतच झाली नाही. पोरगी तिच्या छातीला कान लावून बसली, आणि मावशीला कळेना की ही आपल्याला बिलगलीय की अजून ऐकतेच आहे.

मग मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टायवाल्यावर, साहेबांवर, त्या न आलेल्या हेडफोनांवर, आणि सगळ्यांपेक्षा जास्त स्वतःवर. माझी सही आहे म्हणे! काय पण सही! चिंगीला शेजारच्या काकूंकडे सोडून ती ऑफिसात परत आली तेव्हा चार वाजले होते.

अर्जावर 'कारण' या शब्दापुढे तीन ओळींची जागा होती. तिनं दोनच भरल्या. 'हा खेळ मी आवाज बंद करून पाहिला. या ऑफिसात गेली अकरा वर्षं सगळे खेळ आम्ही असेच पाहिले आहेत.' खाली सही केली आणि कागद साहेबांच्या टेबलावर आपटला.

साहेबांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुम्ही तुमच्यापुरतं लिहा ना. 'आम्ही' कशाला घालताय?"

"कारण मी एकटी बहिरी नव्हते."

"ठसका, नोकरी जाईल!"

"जाऊ दे! तिकडे पोरीची झोप गेलीय. जेवण गेलंय. आजवर मी किती पोरांच्या खोक्यांवर पिवळी चकती मारलीय, मोजता येईल तुम्हाला? मला नाही येत. तो शिक्का मारा आणि पोचपावती द्या, पाच वाजायला आलेत." तिला पुन्हा ठसका लागला, पण ती दारातून हलली नाही. शिक्का बसला तेव्हा घड्याळात पाचला अठरा मिनिटं कमी होती.

पावती घेऊन ती आपल्या खोलीत आली. आजोबा पडद्यासमोर बसले होते. 'दबा'चा व्हिडिओ त्यांनी पुन्हा लावला होता. पहारेकऱ्याचं तोंड हलत होतं आणि खोलीत पंख्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. बाकीचे दोघे आपापलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत होते.

"काय म्हणतोय गं तो?" आजोबांनी विचारलं.

"घरी पोरगी आहे म्हणतोय."

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पडद्याच्या कडेवरून बोटं फिरवू लागले.

"आवाजाचं बटण कुठे असतं याला?"

ठसकानं दाखवलं. आजोबांनी आवाज पूर्ण मोठा केला.

पाच मिनिटांत शेजारच्या नोंदणी विभागातला कारकून तणतणत दारात आला. "अहो, काय चाललंय काय इथे? माणूस मरतोय की काय?"

"हो," ठसका म्हणाली आणि तिनं त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "बसा. तुम्हीही ऐका."