समोरची खुर्ची

उत्तरेश्वर ओव्हाळांच्या नारायण पेठेतल्या बैठकीच्या खोलीत टेबल नव्हतं. वेताच्या दोन खुर्च्या समोरासमोर आणि खिडकीपाशी त्यांचं स्वतःचं बुटकं स्टूल. बत्तीस वर्षं त्यांनी न्यायाधीश म्हणून उंचावर बसून निकाल दिले होते. निवृत्तीनंतर तडजोडीचं काम हाती घेतलं, तेव्हा आता भांडणाऱ्यांपेक्षा खाली बसायचं, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.

त्या दुपारी श्रीनिवासराव आणि सुहासिनीबाई आले होते. एकाच इमारतीत ते खाली राहायचे, त्या वर. वरती कथकचा वर्ग चाले आणि त्या घुंगरांवरून सहा वर्षं दावा चालला होता.

"आता खुर्च्या बदला," उत्तरेश्वर म्हणाले, "आणि एकमेकांची तक्रार सांगा. 'मी' म्हणून सांगायची. समोरचा 'हो, हेच' म्हणेपर्यंत."

"म्हणजे मी आता बाई होऊ?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"तेवढं नको. वरच्या मजल्यावर राहायला गेलात तरी पुरे."

सुहासिनीबाईंनी सुरुवात केली. "मी श्रीनिवास. मला नृत्यातलं ओ का ठो कळत नाही..."

"हे माझं नाही, तुमचं मत आहे."

"पुन्हा पहिल्यापासून," उत्तरेश्वर शांतपणे म्हणाले.

ही रीत कायद्याच्या पुस्तकातली नव्हती. लोणी काळभोरला त्यांचे वडील रेल्वेत गँगमन होते. उत्तरेश्वर आणि धाकटा श्याम भांडले, की आई, सोजरबाई, भाकरी थापता थापता म्हणायची, "तू श्याम हो, अन् तू दादा. सांगा आता." समोरच्यानं मान डोलावल्याशिवाय ताट मिळत नसे. मुलांना किती लवकर जमायचं ते! मोठ्यांना वेळ लागतो, एवढाच फरक.

चौथ्या खेपेला सुहासिनीबाई थांबत थांबत बोलल्या, "मी श्रीनिवास. माझी बायको आजारी होती. दोन महिने वर्ग थांबवा, असं सांगायला मी वर गेलो. मला दारातच वेळापत्रक दाखवलं. ती गेली त्या दिवशीही वर पाय वाजत होते."

श्रीनिवासरावांनी खिडकीकडे तोंड वळवलं. "हो," ते म्हणाले, "हेच."

मग त्यांनी बाईंची बाजू सांगितली. ती दुसऱ्याच खेपेला जमली. पाचच्या सुमारास वर्गाच्या वेळांचा कागद तयार झाला, दोघांच्या सह्या झाल्या.

निघताना सुहासिनीबाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्याशी कुणी भांडलं तर हो?"

"माझ्याशी कुणी भांडत नाही."

"म्हणजे कुणी येतच नसणार," श्रीनिवासराव चपला घालत म्हणाले.

जिन्यातली पावलं विरली. उत्तरेश्वरांनी चहाचे कप विसळले. बायको गेल्यापासून घरात तीनच कप वापरात होते, त्यातले दोन फक्त भांडणाऱ्यांसाठी.

श्याम पंधरा वर्षं आला नव्हता. त्याच्या मुलीचं, कल्याणीचं, लग्न होतं, तेव्हा नवऱ्याकडच्यांचा जमिनीचा दावा उत्तरेश्वरांच्याच कोर्टात होता. लग्नाला गेले असते तर उद्या कुणीही बोट दाखवलं असतं. 'येता येणार नाही, कारण तू जाणतोस,' एवढंच त्यांनी कळवलं. वर्षभरानं दाव्याचा निकाल लागला, पण श्यामचं आणि त्याच्या बायकोचं, मैनाचं, दार बंदच राहिलं.

ते उठले आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसले. "मी श्याम," ते मोठ्यानं म्हणाले. सगळं सांगून झालं. रिकाम्या खुर्चीनं मान डोलावली नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग फोन उचलला.

"कोण?"

"मी दादा. फोन ठेवू नकोस. आईचा खेळ खेळायचाय."

फोन ठेवला गेला नाही.

"मी श्याम," उत्तरेश्वर म्हणाले. "मी शाळा सोडून कामाला लागलो, म्हणून दादा वकील झाला. लग्नात मला लोकांना दाखवायचं होतं, हा माझा भाऊ. मांडवात सगळे विचारत होते, जज्जसाहेब कुठंयत? मी किती वेळा खोटं बोललो."

"एक राहिलं," श्याम म्हणाला.

"काय?"

"साडी. शिपायाच्या हातानं धाडलीस. मैनानं घेतली ती, दारात उभी राहून. जसं समन्स घेत्यात."

ती साडी इतकी वर्षं उत्तरेश्वरांनी स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून जपली होती. आपण निदान साडी तरी पाठवली, असा.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, साडीसकट.

"हां," श्याम म्हणाला. "हेच हाय."

आता श्यामची पाळी होती. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायला किका मारत होतं.

"तुझं मला सांगता येत न्हाई, दादा," अखेर श्याम म्हणाला. "त्या दिवशी तू काय करत व्हतास, मला काय ठाव? तू कधी सांगितलंस?"

कुणी कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्यांचं ऐकण्यात सगळी उमर गेली होती. 'मी' म्हणून स्वतःचं कसं सांगतात, हे त्यांना चाचपडून बघावं लागलं.

"मी," ते म्हणाले आणि थांबले. "मी नवीन जाकीट शिवलं होतं, श्याम. त्या दिवशी सकाळी ते घातलं. आणि संध्याकाळपर्यंत क्वार्टरमध्ये तसाच बसून होतो."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"पुढं?" श्याम म्हणाला.