गरुडाच्या हाराखालचं बटण

हिवरखेडच्या शिवारात त्या दिवशी एवढी गर्दी लोटली होती की कापूस वेचायला बाई मिळेना आणि टपरीवर चहाला कप मिळेना. कारण एकच. एक मोटारसायकल आवाज न करता चालत होती.

चंद्रावर यान उतरलं तेव्हा याच गर्दीनं जांभई देऊन मालिका लावली होती. पण इथं भगव्या कफनीतला एक जाडजूड माणूस मोटारसायकलवर बसून शेषराव पाटलांच्या वावरात गोल फिरत होता, धूर नाही, फटफट नाही, आणि बाया डोळे पुसत होत्या.

अश्वानंद महाराज मूळचे कुठले हे कुणाला माहीत नव्हतं. विचारलं की ते आकाशाकडे बोट दाखवत. त्या बोटाच्या दिशेनं सरळ गेलं की अमरावती लागतं. शेषरावांनी त्यांना वावरातली खोली दिली, वर नवे टिनपत्रे टाकून दिले, आणि मठ तयार झाला. गाडीचं नाव गरुड. इंजिनच्या जागी भगव्या कापडात गुंडाळलेली पेटी, हँडलवर झेंडूचा असा गच्च हार की खालचं काहीच दिसू नये.

"वास घ्या, वास घ्या!" महाराज टाकीचं झाकण उघडून गर्दीत फिरवत. "आहे पेट्रोल? पेट्रोल म्हणजे भूमातेचं रक्त! माझा गरुड रक्त पीत नाही. तो ब्रह्मांडाच्या व्होल्टेजवर चालतो. चार वेद, चार दिशा, चार युगं, या पेटीत बंद आहेत. कापडाला हात लावाल तर भस्म व्हाल."

लोक रांगेनं वास घेत. वास येत नाही, म्हणजे देव आहे.

पुढचा कार्यक्रम पापपरीक्षेचा. भक्तानं गरुडावर बसायचं आणि मूठ पिळायची. महाराज शेजारी उभे राहून हाराला स्पर्श करत, मंत्र पुटपुटत. पुण्यवानाला गरुड नेई, पाप्यासाठी हलत नसे. टिनपत्रेवाल्या शेषरावांना त्यानं बांधापर्यंत नेलं. सरपंच गोवर्धनभाऊ बसले तेव्हा ढिम्म. गावात कुणालाच नवल वाटलं नाही.

इथपर्यंत मी मजेत होतो. मी अमरावतीला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, तेव्हा गावी आलो होतो, आणि माझ्याकडे वेळ भरपूर असतो. पण मग गरुडावर बसली माझी मोठी माय, म्हणजे थोरली काकू, वच्छला.

मोठ्या मायला मागल्या वर्षी लकव्याचा झटका आला होता. उजवा हात अजून अर्धाच चालतो. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, प्रेशरची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, चुकवली तर दुसरा झटका पहिल्यासारखा नुसता दम देऊन जाणार नाही. तिनं मूठ पिळली. गरुड हलला नाही.

महाराजांनी डोळे मिटले. "माय, तुझ्या रक्तात गोळीचं विष आहे. गाडीत पेट्रोल नाही तरी चालते. मग तुझ्या देहात गोळी कशाला? गोळी सोड. ज्या दिवशी गरुड तुला नेईल, त्या दिवशी हात बरा."

मोठ्या मायनं त्याच संध्याकाळी गोळ्यांची पाकिटं गव्हाच्या कोठीत पुरली.

"मोठी माय, डोकं दुखून राहिलं ना तुह्यं?" मी दुसऱ्या दिवशीच विचारलं.

"दुखते थोडं. ईष निंघून राहिलं बाप्पा."

"ईष नाई, प्रेशर हाये ते!"

"तू चूप राय. तुह्या मोटरसायकलले पेट्रोल लागते, तू पापीच हायेस."

मोठे बाबा नत्थुजी यांनी बायकोची बाजू घेतली. ते घरात कायम तेच करतात, म्हणून घर टिकलं आहे.

आमच्या गल्लीत दीपमाला मॅडम राहतात. तेल्हाऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी घरी येऊन मोठ्या मायचं प्रेशर मोजलं आणि यंत्रावरचा आकडा बघून पुन्हा एकदा मोजलं. मॅडम दोनदा मोजतात तेव्हा मला भीती वाटते. मग त्यांनी मोठ्या बाबांना साधंच विचारलं, "काका, महाराज गरुडाले घिऊन ध्यानाले कधी बसते?"

"दार लावून बसते. मांगल्या हप्त्यात दिवसा बसत होते, या हप्त्यात राती."

"आन तुमची वावरातली पान्याची मोटर कधी चालते?"

"लाईन मांगल्या हप्त्यात दिवसा होती, या हप्त्यात राती."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. माझ्याही डोक्यात बल्ब लागला. मोठ्या बाबांच्या नाही. "देवाच्या घरीबी लोडशेडिंग असन," ते म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

अख्ख्या गावाला शेतीच्या लाईनचं, म्हणजे विजेचं, वेळापत्रक तोंडपाठ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. ओलित करायला, पिकाला पाणी द्यायला निघालेले हे लोक मोटर सुरू करता करता बघत, की महाराजही आत्ताच आत गेले. आणि म्हणत, काय योगायोग! ध्यानाची वेळ बदलते ती पक्ष बदलतो म्हणून, असंही एकानं सांगितलं. पंचांगात न बसणारा पक्ष होता तो.

"उघडं पाडायले चला आत्ताच," मी म्हणालो.

"कापडाले हात लावशीन तं तुले भस्म नाई करनार, भक्त तुडवतीन," मॅडम म्हणाल्या. "आपन आपला गरुड बनवू."

आम्ही भंगारातून ई-रिक्षाच्या टाकून दिलेल्या बॅटऱ्या आणल्या. मॅडमनी हातमोजे, चष्मा चढवला, कारण आत तेजाब असतं. प्रत्येक बॅटरी चार्ज करून हेडलाईटचा बल्ब जोडला. ज्या बॅटरीवर बल्ब लगेच मंदावला ती बाद, ज्यांवर टिकला त्या चार घेतल्या. त्या ओळीनं जोडल्या, मोडक्या ई-स्कूटरचं मोटर असलेलं चाक आणि कंट्रोलर माझ्या मोटारसायकलच्या सांगाड्यात बसवला. पहिल्या चाचणीत गाडी उलटी धावली आणि मला तुळशीवृंदावनात नेऊन सोडलं. मॅडमनी मोटरच्या दोन तारांची अदलाबदल केली. गाडी सरळ झाली. मी नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती आवाज न करता मठावर नेली. मला वाटलं, लोकांचे डोळे उघडतील. लोकांनी चपला काढल्या. महाराजांच्या भक्त केशरबाईनं गाडीपुढं नारळ फोडला, कुणी लिंबूमिरची बांधली, आणि मागून आरोळी आली, "दीपमालामाय की जय!"

"ओ, ह्या बॅटऱ्या हायेत!" मॅडम ओरडल्या.

"बॅटरीमायची जय!"

मी कानात म्हणालो, "मॅडम, आता देवी झाल्याच हायेत तं मोठ्या मायले गोळी खायचा आदेश देऊन टाका."

"आन उद्या दुसरी देवी येऊन गोळी सोडाले सांगन, मंग?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की माझा दहावीचा निकाल मला पुन्हा आठवला.

गरुडाशेजारी उभे असलेले महाराज तोपर्यंत सावरले होते. "भक्तहो, ही माझीच शक्ती! माझ्या गरुडाचं हे पिल्लू!"

"बरं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याच शक्तीवर चालते. मंग गोळी खाल्लेल्या मानसाले नेनार नाई?"

"कदापि नाही!"

मी गव्हाच्या कोठीतून काढलेलं पाकीट मॅडमना दिलं. त्यांनी गाडी डबल स्टँडवर लावली, चाक अधांतरी. "काकू, आधी गोळी घ्या. मंग बसा."

मोठ्या मायनं महाराजांकडं पाहिलं, मग गोळीकडं. "नाई फिरलं तं?"

"नाई फिरलं तं मीच महाराजाचे पाय धरीन."

मोठ्या मायनं गोळी गिळली, पाणी प्याली, पदर खोचला आणि अर्ध्या हातानं मूठ पिळली. चाक असं भणाणलं की केशरबाई फुटका नारळ घेऊन मागं सरकली.

"हे पिल्लू आहे! अज्ञानी आहे!" महाराज किंचाळले. "गरुडावर बस, मग कळेल!"

त्यांनी हे बोलायला नको होतं. मोठी माय उतरली आणि थेट गरुडावर जाऊन बसली. मी त्यालाही स्टँडवर घेतलं. तिनं मूठ पिळली. ढिम्म. महाराज हसले. मॅडमनी दोन बोटांनी झेंडूचा हार बाजूला केला. खाली कूलरचं बटण. तेच, जे या गावात घरोघरी उन्हाळाभर दाबतात.

"काकू, दाबा."

मोठ्या मायनं दाबलं. गोळी पोटात असताना गरुडाचं चाक भणाणलं. मी कापड ओढलं. मी भस्म झालो नाही, हे तुम्ही वाचत आहात त्यावरून कळलंच असेल. आत चारही वेद होते. बारा-बारा व्होल्टचे.

"खोलीत चार्जर असन," मॅडम म्हणाल्या. होता. देव्हाऱ्यामागं, शेतीच्या लाईनला लावलेला.

मोठी माय उतरून आमच्यामागं खोलीत आली होती; त्या गडबडीत महाराज गरुडावर चढून पसार झाले. पण चार्जिंग संपत आलेलं होतं. तेल्हारा रस्त्यावर गरुड थांबला, तेव्हा मागून धावत गेलेल्या भक्तांनी पकडायचं सोडून धक्का मारला. पार गावाच्या हद्दीपलीकडं पोचवून आले, आणि अंगावर काटा आला म्हणून सांगत होते. केशरबाई मला म्हणाली, "पन हाराखाली बटन लपवाची बुद्धी तं देवानंच देली ना?"  

दुसऱ्या दिवशी मोठ्या मायला अकोल्याला दाखवून आणलं. डॉक्टरांनी प्रेशर पाहून मोठ्या बाबांना जे सुनावलं, त्याला त्यांनी प्रथमच बायकोची बाजू न घेता मान डोलावली. आता जेवण झालं की गोळ्यांसाठी मोठी माय घरभर हाक मारते, "कुठी हायेत रे माह्या गोया?"

वाचकहो, गाडी भंगारातून बनवता येते, त्यात लाज नाही. ती चालली की खुशाल टाळ्या वाजवा. पण हात जोडायच्या आधी एक हात मोकळा ठेवा आणि हार उचलून बघा. खाली देव असेल तर त्याला राग येणार नाही. बटण असेल तर तुमच्या घरातली एक म्हातारी वाचेल.