ब्रेकमधली हवा

आईनं गाडी दुभाजकावर चढवली त्याला तीन आठवडे झाले होते. तिला साधं खरचटलंही नाही, पण गाडीचा मागचा अ‍ॅक्सल वाकला. गाडी माझ्याहून जेमतेम बारा वर्षांनी लहान, त्यामुळे नवा अ‍ॅक्सल मिळायची आशाच नव्हती. भंगारवाल्यानं कुठूनतरी एक शोधून दिला, तोही साध्या मॉडेलचा, ड्रम ब्रेकवाला. आमच्या गाडीला मागेही डिस्क. म्हणजे आधी ड्रम काढा, दोन्ही बाजूंचे शाफ्ट ओढून बाहेर घ्या, पाठीमागच्या प्लेटा बदला, मग वाकलेल्या अ‍ॅक्सलवरचे डिस्क आणि त्यांना आवळून धरणारे कॅलिपर उतरवून यावर चढवा. दीड दिवसाचं काम. माझा तिसरा दिवस चालू होता.

कारण मला ते करायचंच नव्हतं.

आई बहात्तर वर्षांची आहे. दर गुरुवारी ती चाळीस किलोमीटरवर मावशीकडे जायची. मावशी अंथरुणाला खिळलेली. आई तिला न्हाऊ घालायची, तिचे केस विंचरायची, आणि मग दोघी मिळून आम्हा मुलांच्या नावानं बोटं मोडायच्या. तिकडे बस जात नाही. मी नेतो म्हटलं की आई म्हणायची, "तू दारात किल्ली फिरवत उभा राहतोस. मला घाई होते." यात खोटं काही नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून ताईचा तिसरा फोन आला.

"तू आईला फक्त सांग, गाडी दुरुस्त होत नाही म्हणून. मेकॅनिक तू आहेस, तुझं ती ऐकेल."

"मी कामाच्या बाबतीत खोटं बोलत नाही."

"बरं. पुढच्या वेळी दुभाजकाच्या जागी माणूस असेल, तेव्हा बोल खरं."

मी फोन बंद केला. माझा पारा चढला की हात भराभर चालतात आणि डोकं मागे राहतं. त्याच तिरमिरीत मी दोन्ही कॅलिपर चढवले, नट आवळले, पाइप जोडले, ब्रेक ऑइल भरलं.

आता उरली ब्रेकच्या पाइपांत अडकलेली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबतं, दुसरं चाकापाशी बसून कॅलिपरवरचं हवा सोडायचं निपल सैल करतं, तेवढ्यात ऑइलबरोबर हवा बाहेर येते. बाबांचं निम्मं आयुष्य गाडीखाली गेलं आणि आईचं निम्मं पेडलवर. मी हाक मारायच्या आत ती येऊन सीटवर बसलीसुद्धा.

"दाबू?"

"दाब. धर." निपल सैल केलं, दोन बुडबुडे आले, आवळलं. "सोड."

दोन्ही चाकांवर वीस-वीस वेळा झालं. पेडल मऊच, म्हणजे हवा अजून आतच.

"अरे, उशीवर पाय दिल्यासारखं लागतंय," आई आतून म्हणाली.

मी खाली वाकून नीट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. निपल खालच्या अंगाला होतं. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे. हवा वर जाते, म्हणून निपल वर हवं. असं उलटं बसवल्यावर जन्मभर पेडल मारलं तरी वरची हवा वरच राहणार. नवशिके करतात ही चूक, आणि त्यांना मी त्यावरून भर वर्कशॉपमध्ये शिव्या घालतो.

"काय झालं रे?"

सांगायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात ताई आठवली. खोटं बोलायचीही गरज नव्हती, गप्प बसलं की काम होत होतं.

"काही नाही. परत दाब."

ती दाबत राहिली. मध्येच उजवा गुडघा चोळायची आणि पुन्हा पाय ठेवायची. मी उठून पाणी प्यालो. हातात असलेला पाना शोधायचं नाटक केलं. परत येऊन बसलो. दाब, धर, सोड. माझाच आवाज मला ऐकवेना.

"आई, हे नाही जमायचं," शेवटी मी म्हणालो. "अ‍ॅक्सल वेगळ्या मॉडेलचा आहे. ब्रेक जुळतच नाहीत. सोडून देऊ आता."

ती सावकाश उतरली, गाडीला धरून एका चाकाशी वाकली, मग वळसा घालून दुसऱ्या चाकाशी.

"निपल खाली आहे," ती म्हणाली. "दोन्हीकडे. तुझ्या बाबांनीही एकदा असंच केलं होतं. अख्खी दुपार मला पेडल मारायला लावलं. पण त्यांना माहीत नव्हतं. तुला कधी कळलं?"

थाप मारायला वाव होता. मला ती मारता आली नाही.

"चाळीस वेळा दाबून झाल्यावर."

"त्यानंतर मी सत्तर मारली."

"मला भीती वाटते गं!" माझा आवाज चढलाच. "परवा दुभाजक होता. उद्या कोणी माणूस असेल!"

"मग भीती वाटते असं म्हण ना. भांड माझ्याशी. त्या दिवशी समोरून ऊन होतं आणि मला दुभाजक दिसलाच नाही. बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातेय, त्यांना हेच सांगणार आहे. ते नको म्हणाले तर किल्ली तुझ्या हातात देईन. पण ते ठरवतील, तू नाही. आणि असं लपूनछपून तर नाहीच नाही."

मी दोन्ही कॅलिपर उतरवले आणि ज्याच्या त्याच्या जागी बसवले. तासभर गेला. आई तिथेच उभी होती.

"आता तू आत बस," तिनं माझ्या हातातून पाना घेतला. "निपल मी सोडते."

"तुला खाली बसवत नाही."

"स्टूल आण."

मी सीटवर बसलो. मागून तिचा आवाज यायचा, "दाब. धर. सोड." त्यात ना राग होता ना माया. थोड्या वेळानं पेडल माझ्या पायाखाली टणक झालं. इतके चांगले ब्रेक मी वर्षभरात केले नसतील, आणि मला रडू येत होतं.

चाकं चढवली, नट आवळले, गाडी जॅकवरून उतरवली. "झालं," म्हणून मी हात धुवायला गेलो. आजवर मी केलेली गाडी आईनं एका शब्दानंही न विचारता रस्त्यावर काढली होती.

परत आलो तर ती लांब पाना घेऊन मागच्या चाकाशी वाकली होती.

"घट्ट आहेत, आई. मी आवळलेत."

"असतील," ती म्हणाली आणि पाना पुढच्या नटाला लावला.

एकही नट हलला नाही. मग ती पुढच्या चाकांकडे गेली. त्यांना तर मी हातही लावला नव्हता. तिनं तेही सगळे तपासले.