बाईंच्या आवाजाला मिशा फुटल्या तेव्हा

मी एक हेडफोन आहे, मागून बंद असलेला. चार शब्द बोलू का, असं आधी विचारून घेतो. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं कानाकानांत पोचवलं, पण स्वतःचं सांगायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. मला घसा नाही, हेही मला ठाऊक आहे.

आमच्यात दोन घराणी. उघड्या पाठीच्यांना मागे जाळी असते, त्यामुळे त्यांच्यातलं गाणं शेजारी बसलेल्यालाही फुकट मिळतं. आम्ही मात्र झाकणबंद. आतलं बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही. म्हणून मला घालणारा माणूस ‘जरा पाणी दे’ एवढं वाक्यसुद्धा दोन मजल्यांना ऐकवतो, आणि समोरचा तितक्याच जोरात उत्तर देऊ लागला की त्याला विचारतो, ओरडतोस कशाला?

कारखान्यात मला एका रबरी डोक्यावर बसवून तपासलं. त्या डोक्याला कान होते, पण केस, घाम आणि मतं नव्हती. त्याच्यावर माझ्या आवाजाची रेघ कागदावर जवळजवळ सरळ आली. एवढा गुणी मी पुन्हा कधीच ठरलो नाही.

पुढे मी एका जोडप्याच्या घरी आलो. नवरा तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, बायको निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना घरीदारी सगळे ‘बाई’च म्हणत. निवृत्तीनंतर बाई अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत. कपड्यांचं कपाट उघडून, त्यात तोंड घालून वाचायच्या, म्हणजे आवाज घुमत नाही. प्राध्यापक ते वाचन संगणकावर साफ करत. खोकला काढ, पान उलटल्याची सळसळ काढ, असं त्यांचं काम.

या कामासाठी त्यांनी दोन हेडफोन आणले होते. एक मी, आणि दुसरा जाड, लुसलुशीत गाद्यांचा. पंधरा दिवसांत एक परत करायचा, असं दुकानदाराशी ठरलं होतं. माणसं असा निर्णय मनावर घेतात. प्राध्यापकांनी तो वहीवर घेतला. अकरा रकाने आखले. डोक्यावरचा दाब, कानांचा घाम, वायरीचा पीळ... ‘एकंदर स्वभाव’ असाही एक रकाना होता.

त्यांचा पहिला शेरा असा होता की जाडोबाचा खर्ज भरघोस आहे आणि माझा अगदीच बारीक. मला वाटलं, झालं, सुटलं आपलं हे घर. पण प्राध्यापकांचं तर्कशास्त्र आडवं आलं. जो भरघोस बोलतो तो फुगवून सांगतो आणि जो कमी बोलतो तो खरं बोलतो, असा त्यांचा सिद्धान्त. मी प्रामाणिक ठरलो. इतक्या चुकीच्या कारणाने कौतुक क्वचितच कुणाच्या वाट्याला आलं असेल.

मग त्यांनी मला डोक्यावर चढवलं आणि बाईंचं वाचन ऐकलं. बाईंचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटला. त्यांनी इक्वलायझर उघडला. पडद्यावर उभ्या पट्ट्यांची रांग असते. डावीकडच्या खर्जाच्या, उजवीकडच्या वरच्या सुरांच्या. पट्टी वर सरकवली की तेवढाच आवाज वाढतो, खाली ओढली की कमी होतो. प्राध्यापकांनी डावीकडच्या पट्ट्या जरा वर नेल्या. मग अजून जरा. ‘आता भारदस्त वाटतेस,’ ते म्हणाले. स्वयंपाकघरातून उत्तर आलं की ओरडू नका.

पहिलं प्रकरण आम्ही यायच्या आधीच गेलं होतं. दुसरं, तिसरं आणि चौथं असं भारदस्त होऊन ग्रंथालयात गेलं. नवव्या दिवशी चिठ्ठी आली. तिथले तपासनीस स्वतः अंध होते आणि प्रत्येक पुस्तक ऐकून मगच पुढे पाठवत. त्यांनी अदबीने लिहिलं होतं, पहिलं प्रकरण उत्तम, पण दुसऱ्यापासून वाचणारे गृहस्थ कोण? वाचक मध्येच बदललेला चालत नाही. असंच राहिलं तर नाइलाजाने पुस्तक दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल.

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. आपल्या आवाजाला शाळेत मुलं घाबरायची, पण मिशा आहेत असं कुणी म्हटलं नव्हतं, एवढंच त्या बोलल्या. त्या संध्याकाळी कपाट उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आपला आवाज आता म्हातारा झाला असेल, असं त्या बहिणीला फोनवर सांगत होत्या. प्राध्यापकांनी ते ऐकलं, आणि त्या दिवशी वहीत एकही ओळ लिहिली नाही.

दोष माझाच, असं मी धरून चाललो. मला सांगण्यासारखी एक गोष्ट होती खरी. प्राध्यापकांच्या डोक्यावर बसलो की दोन्ही गाद्यांखाली काहीतरी टोचायचं आणि तिथून वारा खेळायचा. पण पंधरा दिवसांच्या पाहुण्याने तक्रार करू नये, म्हणून गप्प राहिलो.

प्राध्यापकांनी शास्त्रशुद्ध परीक्षा घ्यायचं ठरवलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळ्यांवर पंचा बांधला, आणि बाईंना सांगितलं, ‘एखादं गाणं लाव आणि मनाला येईल तो हेडफोन माझ्या डोक्यावर घाल.’ त्या वेळी माझा खर्ज जाडोबाच्या तोडीस तोड निघाला. पंचा सोडून, चष्मा लावून, खात्रीसाठी पुन्हा मला घातलं, तर मी पहिल्यासारखाच बारीक. वहीत नोंद झाली: ‘हेडफोनचा स्वभाव अस्थिर आहे.’ खाली बारीक अक्षरात: ‘किंवा माझा.’

चौदाव्या दिवशी तपासनीस स्वतःच आले. बाईंचं वाचन सहजासहजी सोडवत नाही, म्हणाले. त्यांनी मला हातात घेऊन चाचपलं, कानांवर बसवलं, आणि चौथं प्रकरण ऐकून मान हलवली. हेडफोन चांगला आहे, गृहस्थ मात्र अजून तिथेच आहेत. मग मला प्राध्यापकांच्या डोक्यावर चढवून त्यांनी दोन बोटं गादीच्या कडेने फिरवली.

‘सर, तुम्ही चष्मा लावता?’

‘हो. का?’

‘काडी गादीखाली जातेय. फट पडली की सगळा खर्ज तिथून पळतो. चष्मा काढून ऐका बघू.’

प्राध्यापकांनी चष्मा काढला. चौथं प्रकरण लागलं, आणि ते खुर्चीत दचकले.

‘हा कोण वाचतोय?’

‘तुमची बायको,’ बाई म्हणाल्या. ‘चाळीस वर्षं झाली ओळख होऊन.’

तपासनीस इतके हसले की त्यांची काठी पडली. प्राध्यापक हसले नाहीत. मला कानांवरच ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, ‘तुझा आवाज चांगलाच होता गं. मी बिघडवला.’ मला घातलेलं असताना हळू बोललेला मी पाहिलेला हा एकच माणूस.

पट्ट्या खाली आणायच्या, तर चष्म्याशिवाय त्यांना पडदा दिसेना. शेवटी बाई स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून आणून संगणकापुढे बसल्या. ते डोळे मिटून सांगत, त्या सरकवत.

‘खाली. अजून खाली. थोडी वर घे.’

‘नको.’

‘थोडी?’

‘नाही म्हटलं ना.’

सगळ्या पट्ट्या शून्यावर आल्या. एकच उजवीकडची जरा खाली ठेवली, कारण बाईंच्या ‘श’ला शिट्टी आहे. ते बाईंनी भांडून का होईना, मान्य केलं. प्रकरणं पुन्हा गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तपासनीसांचा फोन आला की ते गृहस्थ गेले, आता बाईंना पुढचं वाचू द्या.

तो पंधरावा दिवस होता. अकरा रकान्यांची बेरीज झाली. जाडोबा सात, मी चार. चष्मेवाल्याला तोच सोयीचा, लहान पोरालाही कळेल. प्राध्यापकांनी बेरीज तपासली, बरोबर आहे असं लिहिलं, आणि जाडोबाला खोक्यात घातलं. बेरीज बघून बाईंनी विचारलं, हे कुठलं तर्कशास्त्र? ते म्हणाले, शोधतोय.

आता सातवं प्रकरण चालू आहे. रोज सकाळी चष्मा टेबलावर, मी डोक्यावर, बाई शेजारच्या खुर्चीत. तास-दोन तास ‘वर घे’, ‘नको’ चालतं. निम्मा वेळ पट्टी कुणी हलवतच नाही.

माझ्या गाद्या मात्र झिजत चालल्यात, कडेला साल सुटलीय. कुणीतरी नव्या आणेलच. तेव्हा हात जोडून एक विनंती, हात नसले तरी. बारीकच आणा. मऊ, जाड, चष्मा सांभाळून घेणाऱ्या आणू नका. त्या घातल्या तर प्राध्यापकांना एकट्यानेच सगळं नीट ऐकू येईल आणि दिसेलही, आणि बाईंची खुर्ची परत स्वयंपाकघरात जाईल.