कुणी रद्द न केलेला कायदा

सत्यजितने खुर्ची उचलून काचेवर हाणली. पहिल्या फटक्याला काच नुसती तडकली, दुसऱ्याला खळकन खाली आली. प्रसूती विभागाबाहेर नातवाची वाट बघत बसलेले आजी-आजोबा फुगे टाकून पळाले. तिसरा फटका मारायच्या आत सिक्युरिटी गार्डने सत्यजितला मागून पकडून पालथा पाडला आणि पाठीत गुडघा रोवला. त्याचा ओठ फाटला. तोंडातून रक्त आणि शिवी एकदमच बाहेर आली.

"सोडा त्याला," डॉक्टर शुभा देशकर ओरडल्या. "माझ्या पेशंटचा नवरा आहे तो."

फोन अजून त्यांच्या कानालाच होता. पलीकडे हॉस्पिटलचा वकील गेला अर्धा तास तेच ते बोलत होता.

पेशंट म्हणजे सावनी. सतरा आठवड्यांची गरोदर, युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीत पीएचडी करणारी. गुरुवारी दुपारी तिचं पाणी गेलं. मूल जगणार नाही हे त्याच संध्याकाळी स्पष्ट झालं होतं. पण त्याच्या हृदयाचे ठोके चालू होते, आणि या अमेरिकन राज्यात तेवढं पुरे होतं. अठराशे अठ्ठावन्न साली, घोड्यावरून विधानसभेत येणाऱ्या पुरुषांनी इथे एक कायदा केला होता. गर्भपात करणाऱ्याला तुरुंग. आईचा जीव जात असेल तर सूट, तीसुद्धा आणखी दोन डॉक्टरांनी तसं सही करून दिलं तर. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी याच राज्याने आणखी कायदे केले: वीस आठवड्यांपर्यंत परवानगी, फॉर्म असा भरायचा, समुपदेशन असं करायचं. वीसपर्यंत चालेल म्हटलं म्हणजे जुना गेला, हे शाळकरी पोरही सांगेल. पण सुप्रीम कोर्टाने देशभरचा गर्भपाताचा हक्क काढून घेतला तसा निजलेला जुना कायदा पुन्हा उठला होता, आणि तो गेला की आहे हे सांगायला राज्याच्या कोर्टाला त्यानंतरची अडीच वर्षंही पुरली नव्हती.

शुभाही त्या शाळकरी पोराच्याच मताच्या होत्या. नागपूरला त्या शिकल्या तेव्हा इंग्रजांच्या काळचं कलम पुस्तकात जसंच्या तसं होतं आणि त्यावर एकाहत्तरचा नवा कायदा होता. त्या जुन्या कलमाकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. नवा आला की जुन्याने बाजूला व्हायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. म्हणून सावनीची पिस्कॅटवेची बहीण, जिच्या राज्यात असली अडचण नव्हती, "हिला आत्ताच्या आत्ता विमानात बसवा" म्हणून फोनवर रडत होती, तेव्हा शुभांनी सत्यजितला सांगितलं, "कशाला? नवा कायदा आहे इथे. मी आहे ना." गावातल्या मराठी मंडळाची अर्धी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. शुभामावशींच्या शब्दापुढे जायची तिथे पद्धतच नव्हती. आज रविवार होता आणि सावनीला एकशे चार ताप होता.

"भारतात असंच चालत होतं," शुभा फोनवर म्हणाल्या. "जुना कायदा होता तसाच राहिला. आम्ही नव्याप्रमाणे काम केलं."

"तिथल्या नव्या कायद्यात जुन्याचं काय, ते लिहिलं होतं का?" वकिलाने विचारलं.

शुभांना आठवलं. लिहिलं होतं. दंड संहितेत काहीही असलं तरी, असे स्वच्छ शब्द होते. परीक्षेसाठी पाठ केले होते आणि नंतरच्या चाळीस वर्षांत त्या ते साफ विसरून गेल्या होत्या.

"आमच्याकडे तसं कुणी लिहिलेलं नाही, डॉक्टर. दोन सह्या मिळवा. नाहीतर थांबा."

"कशाची वाट बघत थांबू?"

त्याचं उत्तर वकिलाकडे होतं, पण ते त्याला फोनवर म्हणायचं नव्हतं. सह्यांसाठी शुभांनी दोघांना विचारून झालं होतं. एक म्हणाला, ब्लडप्रेशर अजून ठीक आहे. दुसऱ्याने फोनच उचलला नाही.

गार्डने गुडघा काढला तसा सत्यजित धडपडत उठला आणि थेट शुभांच्या अंगावर गेला.

"तू सांगितलंस थांबा," तो म्हणाला. चार वर्षांत त्याने त्यांना कधी अगंतुगं केलं नव्हतं. "फ्लाइट बुक केली होती मी. तू म्हणालीस म्हणून कॅन्सल केली. तू!"

आणि त्याने त्यांच्या मुस्काटात मारली. चष्मा उडून काचांमध्ये पडला. गार्डने त्याचा हात मागे पिरगाळला, खांद्यात काहीतरी कटकन वाजलं आणि सत्यजित गुरासारखा ओरडला. शुभांच्या गालाची आग होत होती. त्यांना राग आला नाही. मारायलाच हवं होतं कुणीतरी, एवढंच त्यांना वाटलं.

आतून नर्सची किंकाळी आली. सावनीच्या चादरीचा रंग ओळखू येत नव्हता. रक्त पलंगाच्या दांडीवरून जमिनीवर गळत होतं. शुभांनी फोन बंद केला. सोनोग्राफीचं मशीन ओढून पोटावर प्रोब टेकवला. गर्भाचे ठोके एकशे अडुसष्ट.

"ऑपरेशन थिएटरमध्ये घ्या," त्या म्हणाल्या.

भूल देणारा डॉक्टर सही करायला तयार नव्हता, पण भूल द्यायला आला. पुढची चाळीस मिनिटं शुभांनी केलं ते हळुवार नव्हतं. आत हात घालून ओढावं लागलं, खरवडावं लागलं, गर्भाशय मुठीने दाबून धरावं लागलं. रक्ताच्या सहा पिशव्या चढल्या. त्यांचे बूट फरशीला चिकटत होते. मध्ये एकदा नाडी लागेना, तेव्हा त्या सावनीला मराठीतून शिव्या देत होत्या, असं नर्सने नंतर सांगितलं.

सावनी वाचली.

शुभा हात धुऊन कॉम्प्युटरपुढे बसल्या. ठोके नव्हते, असं लिहिलं की प्रकरण मिटत होतं. विचारणारं कुणी नव्हतं. पण तसं लिहिणं म्हणजे अठराशे अठ्ठावन्नवाल्यांना आपणच सलाम ठोकणं. त्यांनी लिहिलं: सुरुवातीला हृदयाचे ठोके, मिनिटाला एकशे अडुसष्ट. दोन सह्यांची जागा रिकामी सोडली आणि खाली स्वतःची सही केली.

चार वाजता सावनीने डोळे उघडले. सत्यजितला पोलीस घेऊन गेले होते, हे तिला नर्सने सांगितलं. शुभा खुर्ची ओढून जवळ बसल्या. गाल सुजून डोळा अर्धा मिटला होता.

"मावशी, सुरू केलंत तेव्हा हार्टबीट होता?"

"नव्हता, बाळा."

सावनी उशीवरून त्यांच्याकडे वळली.

"स्क्रीन माझ्याच बाजूला होती. मी बघत होते."

शुभांनी तिचा हात धरला.

"पण मला कुणी विचारलं ना, तर नव्हता," सावनी म्हणाली. "पोलीस येऊ देत, कोर्टात नेऊ देत. आय विल स्वेअर. नव्हता."

"असलं काही करायचं नाही. मी खरं लिहिलंय. तू खोटी शपथ घेतलीस तर तुलाही आत टाकतील. ऐक माझं."

सावनीने हात सोडवून घेतला नाही. फक्त मान हलवली.

"नाही मावशी," ती म्हणाली. "आता तुमचं नाही ऐकणार."