पाचर

ज्योतीराम दापोडीच्या त्या बोळात शिरला. उद्या चाकणच्या कारखान्यात अपघाताची चौकशी होती. त्याच्याच मशीनवर पुढच्या शिफ्टला असणारा शमुवेल उजागरे त्याचे नाव घेणार की नाही, यावर त्याची नोकरी टांगलेली होती.

पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसची दोन्ही बटणे दोन हातांनी एकदम दाबली, तरच वरचा साचा खाली येतो. हात आत राहू नयेत म्हणून ही योजना. टार्गेट गाठण्यासाठी ज्योतीरामने एका बटणात लाकडी पाचर ठोकली होती. शमुवेलने बजावले, तेव्हा “पाद्रीबाबा, प्रवचन रविवारी द्या,” म्हणून त्याने सगळ्यांना हसवले. गेल्या आठवड्यात शिफ्ट सुटताना पाचर काढायची राहिली. पुढच्या शिफ्टला शमुवेल आतला पत्रा सरळ करत असताना त्याचे कोपर दुसऱ्या बटणाला लागले. उजव्या हाताची दोन बोटे गेली.

दार शमुवेलच्या बायकोने, मार्थाबाईंनी उघडले. ज्योतीरामला ओळखून त्या बाजूला सरल्या. शमुवेल ताटावर बसला होता.

“दादा, उद्या माझं नाव...”

“कालच सांगितलं. साहेब आले होते. खोटं मला जमत नाही.”

ज्योतीराम परत जायला वळला.

“आणि ह्याला काढू नका, म्हणूनही सांगितलं. नीट हात जोडता येईनात, तरी जोडले. आधी नाही म्हणाले, मग मानले. मी परत आलो की तुझ्याच शिफ्टला, तुझ्याच शेजारी उभा राहणार.”

“पण का, दादा? मी असं काय केलंय?”

“पाचर ठोकलीस, आणखी काय!” मार्थाबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या.

शमुवेल हसला. “खरंय तिचं. पण देवानं मला क्षमा केली, ती काय माझं काम बघून? फुकट मिळालेलं तुला तोलून कसं देऊ?”

शिव्या खायची ज्योतीरामची तयारी होती, माराचीही. याची नव्हती. हा माणूस आता रोज आपल्या हातांवर विसंबून उभा राहणार, या विचाराने त्याला नोकरीच्या भीतीहून मोठे भय वाटले.

“एका हातानं मोडत नाही बघ.” शमुवेलने भाकरी पुढे सरकवली. “तेवढी मोडून दे.”

पाचर ठोकणाऱ्या हातांनी ज्योतीरामने ती उचलली. भाकरी वेडीवाकडी तुटली.

“मोठा तुकडा तुझा. मार्था, ह्यालाही वाढ.”

मार्थाबाईंनी ज्योतीरामपुढे ताट आदळले. पण ते भरलेले होते.